रफ बेडवरचा हायड्रॉलिक जंप बेलांजेच्या समीकरणाशी जुळत नाहीये, रफनेस किती कमी करू?

तुम्ही लिहिलंय की एमटेकच्या प्रोजेक्टसाठी नालीदार (लाटा असलेल्या, म्हणजे रफ) तळावरचा हायड्रॉलिक जंप, म्हणजे वेगाची उथळ धार एकदम उंच आणि संथ होते ती उसळी, ओपनफोम या प्रवाहाचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवताय, येणारी धार ३ सेंमी जाड, फ्रूड नंबर (धारेचा वेग भागिले उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग) ६, तळ सपाट ठेवून वॉल फंक्शनमध्ये (तळालगतचा प्रवाह सूत्राने धरायची सोय) १३ मिमी रफनेस, म्हणजे खडबडीतपणाची उंची, दिलाय, आणि बेलांजेच्या समीकरणाने (आधीच्या खोलीवरून आणि फ्रूड नंबरवरून जंपनंतरची खोली देणारं सूत्र) जंपनंतर २४ सेंमी खोली यायला पाहिजे तिथे २१ च येतेय. मग रफनेस कमी करू का? अजिबात करू नका. २१ कमी नाहीये हो, उलट जास्त आहे!

बेलांजेच्या समीकरणात तळाचं घर्षण धरलेलंच नसतं, गुळगुळीत तळाला ते चालून जातं. खडबडीत तळ स्वतःच पाण्याला मागे ओढतो, त्यामुळे जंप धरून ठेवायला पुढे तेवढं उंच पाणी लागत नाही, आणि रफ बेडचा फायदा आहे तो हाच, एनर्जी डिसिपेशनचा बेसिन (पाण्याचा जोर जिरवायचा हौद) आखूड आणि उथळ करता येतो. ईड आणि राजरत्नम या संशोधकांचे २००२ मध्ये छापून आलेले प्रयोग बघा, तळाच्या लाटांची लांबी ६८ मिमी, उंची १३ आणि २२ मिमी, फ्रूड ४ ते १०. पुढची खोली गुळगुळीत तळापेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी आणि जंपची लांबी जवळपास निम्मी. तुमच्या आकड्यांना ते लावलं तर १८ सेंमीच्या आसपास यायला हवं.

आता हे मोमेंटमने तपासा, कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे. दर मीटर रुंदीला आत येणारा प्रेशर आणि मोमेंटम मिळून साधारण ३२२ न्यूटन, १८ सेंमीला पुढे उरतो २१२, म्हणजे तळाने ११० न्यूटन खाल्ला. तुमच्या २१ ला हाच फरक जेमतेम ६० निघतो, म्हणजे तुमचा तळ जेवढा ओढायला पाहिजे त्याच्या निम्म्यानेच ओढतोय.

कारण मला वाटतं वॉल फंक्शनच आहे. मी स्वतः यात दोन महिने घालवलेत म्हणून पोटतिडकीने सांगतोय. रफनेसची उंची दिली की भिंतीलगतच्या (इथे तळालगतच्या) सेलचं, म्हणजे गणिताच्या जाळीतल्या (मेशमधल्या) एका चौकटीचं, केंद्र त्या उंचीच्या वर असायला लागतं, म्हणजे १३ मिमीला पहिला सेल निदान २६ मिमी जाड, आणि तुमची धार आहे ३० मिमी! अख्ख्या धारेत धड दोन सेल मावत नाहीत. सेल बारीक केले तर वॉल फंक्शनचा पायाच निघून जातो आणि मग उत्तर मेश बदलेल तसं बदलत राहतं, माझं तेच व्हायचं, दर वेळी मेश बारीक केला की जंप पुढे पळायचा आणि मी टर्ब्युलन्स मॉडेलला (प्रवाहातल्या भोवऱ्यांचं गणित करणारा भाग) दोष देत बसायचो.

त्यामुळे तळाच्या लाटा सरळ जॉमेट्रीत काढा. लाटांचे माथे धार येते त्या बाजूच्या सपाट तळाच्या लेव्हललाच ठेवा, वर आले तर धार त्यांच्यावर आदळते आणि तो वेगळाच प्रॉब्लेम होतो (खऱ्या बेसिनमध्ये कॅव्हिटेशनची (कमी दाबाने बुडबुडे होऊन फुटतात आणि तळ झिजवतात त्याची) भीती असते म्हणूनही हे असंच करतात), आणि खोली माथ्यापासून मोजा. धारेत निदान १५ सेल तरी हवेत असं माझं मत. टर्ब्युलन्स मॉडेल के-ओमेगा एसएसटी घ्या, टू-डी चालेल, फक्त टू-डी मध्ये हवेच्या बुडबुड्यांबद्दल काही दावा करू नका.

आउटलेट मोकळं सोडलंत तर जंप वाहून जाणार. मी शेवटी फ्ल्यूमसारखं (प्रयोगशाळेतला पाण्याचा पाट) छोटं टेलगेट, म्हणजे टोकाला पाणी अडवणारं दार, जॉमेट्रीतच बसवलं, सुरुवातीला पुढे १८ सेंमी पाणी भरून ठेवलं आणि टेलगेटची उंची थोडी थोडी बदलत जंपचं तोंड जागेवर आणलं. ते तोंड सारखं मागेपुढे होतं म्हणून एका क्षणाची खोली वाचू नका, जंप स्थिरावल्यावर बराच वेळ सरासरी घ्या.

आणि तळावरचा फोर्स काढताना फक्त वॉल शिअर (पाणी तळाला घासल्याची ओढ) बेरजेला धरू नका. लाटांवर ओढ येते ती मुख्यतः प्रेशरमुळे, लाटेच्या समोरच्या आणि मागच्या उतारावरच्या दाबाच्या फरकातून. ओपनफोमचं फोर्सेस फंक्शन प्रेशर आणि व्हिस्कस (घासण्याचा) फोर्स वेगवेगळे देतं, दोन्ही मिळवा, आणि ती बेरीज ११० च्या जवळ आली की मगच पुढचे फ्रूड नंबर चालवायला घ्या.