वाचकांचे प्रश्न : ‘आता उघडलेच आहे तर…’

प्रश्न : आमच्या वडिलांची 1969 सालची फियाट 1100 डिलाईट जालन्यातील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षे उभी होती. ती नुसती चालती करावी, एवढ्याच इराद्याने मी दोन वर्षांपूर्वी बाहेर काढली. टाकीत गंज निघाला म्हणून टाकी उतरवली, मग कार्ब्युरेटर उघडला, आणि मिस्त्री म्हणाले, ‘‘आता उघडलंच आहे तर बोअरही बघून घेऊ.’’ बोअर पाहिला, नवे पिस्टन आले, क्रँक ग्राइंड झाला. मूळ अंदाज ऐंशी हजारांचा होता; आजवर साडेचार लाख गेले आहेत आणि गाडी अजून रंगाविनाच आहे. आता हेड (सिलिंडरांवरचे झाकण) कापून कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) 7.8 वरून 9 वर न्यावे, दोन कार्ब्युरेटर आणि वेगळी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणारा दांडा) बसवावी, स्प्रिंगा कडक कराव्यात, आत रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) घालावा आणि वर्षातून एकदा कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवावी, असे मनात आहे. आई मात्र विचारते की ही गाडी आता नेमकी कुणाची राहिली आहे. पुढचे काम कोणते करावे आणि थांबावे कुठे?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपण आजवर केलेल्या कामांपैकी एकही काम अनावश्यक नव्हते, हे आधी नोंदवतो. अकरा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी, कार्ब्युरेटर आणि बोअर पाहणे भागच होते. मात्र पत्राच्या उत्तरार्धातील कामे वेगळ्या जातीची आहेत. तिथवर आपण गाडीतली झीज भरून काढत होता. हेड कापण्यापासून पुढे आपण कारखान्याने ठरवलेला हिशेब बदलणार आहात. मिस्त्रींचे ‘आता उघडलंच आहे तर’ हे वाक्य दोन्हीकडे सारखेच ऐकू येते, म्हणून ही सीमा कधी ओलांडली ते गाडीमालकाच्या ध्यानात येत नाही.

हिशेब बदलणे म्हणजे काय, ते आपल्याच इंजिनावर पाहू. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75 मिलिमीटर, म्हणजे चारही सिलिंडर मिळून 1089 सीसी आणि एका सिलिंडरचे सुमारे 272 सीसी. (आपला बोअर ओव्हरसाइझ झाला आहे, त्यामुळे आकडा किंचित वाढेल, पण समजण्यापुरते हे पुरे.) कॉम्प्रेशन 7.8 असेल तर पिस्टन वर आल्यावर शिल्लक राहणारी जागा सुमारे 40 सीसी असते. ते 9 करायचे तर ही जागा 34 सीसीवर आणावी लागते. फरक अवघा 6 सीसीचा, म्हणजे चहाच्या सव्वा चमच्याइतका, आणि लेथवाला तो एका दुपारी काढून देईल. परंतु हेड खाली आले की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरला ढकलणारे दांडे) तेवढ्याच प्रमाणात लांब ठरतात आणि रॉकरचा कोन बिघडतो. त्याहून मोठी अडचण नॉकिंगची, म्हणजे मिश्रण तापून अवेळी आपोआप भडकण्याची. मे महिन्यात जालना-परभणीकडे पारा 42 अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखालची हवा त्याहून तापलेली असते आणि तीच हवा इंजिन आत ओढते. मी स्वतः पूर्वी एका पद्मिनीचे (आपल्याच फियाटच्या पुढच्या भारतीय रूपाचे) हेड असेच कापून घेतले होते. सपाट रस्त्यावर गाडी खरोखर चपळ वाटली. मात्र कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरून परत चढताना, भरल्या गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू झाला. इग्निशन मागे घेतले, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडली, तर आवाज गेला, पण त्यासोबत कमावलेली बरीचशी ताकदही गेली. कापलेले हेड काही पुन्हा जाड होत नाही.

कॅमशाफ्ट आणि दोन कार्ब्युरेटर यांचा खरा लाभ वरच्या फेऱ्यांत मिळतो, आणि या इंजिनाची खरी मर्यादा तिथेच आहे. मूळ इंजिन मिनिटाला 4,800 च्या आसपास फेऱ्यांना आपली चाळीसेक अश्वशक्ती देते. त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 12 मीटर असतो. 6,500 फेऱ्यांना तो सव्वासोळा मीटर होतो आणि कनेक्टिंग रॉडवर येणारी ओढ जवळपास 1.8 पट वाढते. ही ओढ सोसणारी क्रँकशाफ्ट (पिस्टनची वरखाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) केवळ तीन मेन बेअरिंगांवर टेकलेली आहे. दोन बेअरिंगांच्या मध्ये दोन-दोन सिलिंडर येतात, म्हणून वरच्या फेऱ्यांत क्रँक लवते, आणि ते लवणे बाहेरून दिसत नाही. बेअरिंग वाजू लागते तेव्हाच कळते. इटलीत खुद्द फियाटने याच 1089 सीसीच्या इंजिनातून 1953 साली 1100 टीव्ही हे वेगवान रूप काढले, तेव्हा मजल सुमारे 50 अश्वशक्तीपर्यंत नेली होती. आपले मिस्त्री कितीही हुशार असोत, रस्त्यावर टिकणाऱ्या गाडीसाठी त्या आकड्याच्या फार पुढे जाण्याचा हट्ट मी धरणार नाही. शिवाय तेज कॅमशाफ्टने सिग्नलवर गाडी अडखळते. मामा चौकातल्या गर्दीत तिला सतत रेस द्यावी लागेल, हे आपणच ठरवा चालेल का.

याचा अर्थ ट्रॅकचे स्वप्न मूर्खपणाचे आहे असा नाही. आपल्याकडे त्याला जुनी परंपरा आहे. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर कित्येक दशके शर्यती झाल्या, आणि तिथे हेराल्ड व अँबॅसॅडरच्या जोडीने पळालेल्या फियाट याच घराण्यातल्या होत्या. पण त्या शर्यतीसाठीच बांधलेल्या असत. त्यांच्यात बसून घरची मंडळी लग्नाला जात नसत.

आता आपल्या यादीत एका शब्दानेही न आलेल्या गोष्टीकडे वळतो : ब्रेक. दोन माणसांसह गाडीचे वजन हजार किलो धरले तर ताशी 60 किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे 139 किलोज्यूल ऊर्जा असते, 90 ला 312 आणि 120 ला 555. वेग दुप्पट झाला की थांबवण्याचे काम चौपट होते, आणि ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन चार चाकांच्या ब्रेक ड्रममध्येच शिरते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे ब्रेक शूपासून दूर जातो. डिस्क ब्रेकची तबकडी तापली तरी पॅडपासून दूर जात नाही आणि तिला मोकळी हवाही लागते. म्हणून एखाद्या वेळी करकचून ब्रेक मारला तर ड्रम निभावून नेतात, परंतु ट्रॅकवर दर फेरीत पाच-सहा वेळा तेच केले की तिसऱ्या-चौथ्या फेरीला पेडल तेवढेच दाबूनही गाडी थांबत नाही. त्यातच ब्रेक ऑइल जुने असेल तर संकट दुहेरी होते, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पाय थेट फळीला टेकतो. आपल्या गाडीत एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असेल तर एक नळी फुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात. इंजिनावर आणखी एक रुपया घालण्याआधी सर्व व्हील सिलिंडर, रबरी नळ्या आणि लोखंडी पाइप नवे करा, ड्रमची अंडाकृती झीज मोजून घ्या आणि शक्य असेल तर मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा बसवा.

दुसरी गोष्ट पत्र्याची. कडक स्प्रिंगा बसवल्या की रस्त्याचा जो दणका पूर्वी स्प्रिंग पचवत असे, तो थेट बॉडीला बसतो, आणि अकरा वर्षे मातीवर उभ्या राहिलेल्या गाडीची सिल (दाराखालची पट्टी) आणि फ्लोअर आतून किती कुजली आहेत, ते आपण लिहिलेले नाही. एक लहान लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवरून सावकाश फिरवा. जिथे तो पकड सोडून घसरेल तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. तेवढा भाग पाना घेऊन हलकेच ठोका. ठण्ण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. रंग अजून झालेला नाही हे आपले भाग्यच समजा, कारण सर्वसाधारणपणे आधी रंग होतो आणि मग पत्रा उघडतो.

रोल केजबद्दल माझे मत स्पष्ट आहे : या गाडीत तो घालू नये. तो केज हेल्मेट आणि शर्यतीचे पट्टे बांधलेल्या चालकासाठी असतो. रोजच्या रस्त्यावर उघड्या डोक्याजवळ लोखंडी नळी असेल तर एरवी खरचटून निभावले असते अशा धडकेतही कवटी फुटू शकते, आणि मागच्या बाजूस तर आपल्या आई बसतील.

मग करावे काय? इंजिन मूळ कॉम्प्रेशनवरच, पण नीट तोलून बांधा. पिस्टन आणि रॉड एकमेकांशी ग्रॅममध्ये जुळवून, फ्लायव्हील बॅलन्स करून बांधलेले साधे इंजिन जे सुख देते, ते घाईने तेज केलेल्या इंजिनात मिळत नाही. आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक पट्ट्यात असे नेमके काम करणारी वर्कशॉप मिळणे अवघड नाही. रेडिएटर उघडून साफ करा. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते आणि 1969 च्या रबराचा त्याच्याशी कधी संबंध आलेला नव्हता. त्याच पेट्रोलाने मिश्रण पातळ होते, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे भोक) एक आकार मोठा लागतो का, हे स्पार्क प्लगचा रंग पाहून ठरवा. शॉक अ‍ॅब्झॉर्बर नवे, स्प्रिंगा मूळ. एवढ्यावर गाडी ताशी 80 ला दिवसभर चालेल, आणि मी तिथेच थांबेन. जो बदल उलटा करता येतो तोच करा, आणि जो मूळ भाग काढाल तो तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. सुटे भाग पूर्वीसारखे मुबलक राहिलेले नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर बाजार जिवंत होता, पण त्यांतली शेवटची नोंदलेली टॅक्सीही 20 वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली.

आणि ट्रॅक सुटतच नसेल तर त्यासाठी निराळी पद्मिनी घ्या. वापरातून गेलेली, पण सांगाडा शाबूत असलेली एखादी स्वस्तात मिळाली तर तिचे हेड कापा, तिच्यात केज घाला, आणि ती ट्रकवर चढवून कोइमतूरला न्या. तसेही जालन्याहून ते अंतर हजार किलोमीटरच्या वर आहे. आपल्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येणार नाही. पण दोन गाड्या असतील तर तो प्रश्न निदान एकीपुरता तरी उरणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे 1972 सालची फियाट आहे. तिला व्हिंटेज नोंदणी मिळेल का, आणि आत आधुनिक 1300 सीसीचे इंजिन बसवले तर चालेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही एकदम मिळणार नाहीत. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज धरली जाते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती निघते. त्यामुळे गाडी अधूनमधून तुळजापूरला न्यायची असेल, तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवणे अधिक सोयीचे आहे. इंजिनाबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लागू होते : निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. त्याच प्रकारचे दुसरे इंजिन परवानगीने बसवता येते. निराळ्या जातीचे इंजिन आधी बसवून मग आरटीओत अर्ज करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाड्या आजही शेडमध्येच आहेत. शिवाय त्या इंजिनाची ताकद दुपटीच्या घरात असेल, तेव्हा वर लिहिलेला ब्रेकचा हिशेब आपणही वाचावा.

प्रश्न : ट्रॅक लांब आहे. पहाटे समृद्धी महामार्ग मोकळा असतो, तिथे जुन्या गाडीचा वेग अजमावला तर काय हरकत आहे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हरकत आहे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने आणि एकाच हेतूने पळत असतात, वळणाबाहेर रिकामी जागा सोडलेली असते आणि रुग्णवाहिका उभी असते. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे, पण तीही आजच्या गाड्यांसाठी. जुन्या गाडीने डावी लेन धरून 80 चा वेग राखावा. तिथे सरळ काँक्रीटवर तासन्‌तास एकच वेग राहतो, टायर थंड व्हायला उसंत मिळत नाही, आणि कमी चाललेल्या जुन्या गाडीचे टायर वरून नवे दिसत असले तरी आतून वाळलेले असतात. निघण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा : 1514 असेल तर तो 2014 च्या पंधराव्या आठवड्यातला आहे, आणि तसा टायर मी गावातसुद्धा वापरणार नाही. चारच आकडे आहेत, पण ते अनेकदा एका बाजूलाच छापलेले असतात. बाहेर दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला पाहावे.