मामा तलावावरचा मावळता सूर्य

प्रश्न: आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर रोज संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढतो. डोळ्यांना केशरी दिसणारं आभाळ फोटोत पांढरंफटक येतं, आणि फोटो रिकामा वाटतो. काय चुकतं?
– एक वाचक, जि. भंडारा

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून आमच्याच तलावाची पाळ डोळ्यांसमोर आली. काळी पाळ आणि झाडं दिसली की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, तिथेच आभाळ जळतं, म्हणजे पांढरंफटक होतं. सूर्याच्या शेजारच्या आभाळावर बोट दाबून धरा, बहुतेक मोबाइलमध्ये एक्स्पोजर, म्हणजे फोटोतल्या उजेडाचं प्रमाण, लॉक होईल. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पाळ काळी पडेल, पडू द्या. अंधारातला तपशील नंतर थोडाफार काढता येतो, जळालेलं आभाळ मात्र परत येत नाही.

रिकामेपणाचं म्हणाल, तर मीही कितीतरी वर्षं नुसता सूर्यच टिपत होतो. एकदा पाळीखाली चिखलात उकिडवा बसलो, तर काठाला लागलेल्या डोंग्याचं टोक आणि त्यावर वाळत घातलेलं जाळं समोर आलं. जाळ्याच्या एकेका भोकातून केशरी उजेड झिरपत होता. तेव्हापासून आधी जवळची वस्तू शोधतो, सूर्य नंतर. पाणी संथ असेल तर क्षितिज वर घ्या, प्रतिबिंबाला जागा मिळते. मोहाचं झाड आणि डोंग्यातला माणूस यांच्यामध्ये उजेडाची फट ठेवा, नाहीतर दोघांचा मिळून एकच काळा गोळा होतो.

आणि सूर्य बुडाला की लगेच घरी निघू नका. पुढची 15-20 मिनिटं ढग खालून रंगतात.