मारुती 800 सकाळी उठत नाही: 14,000 ची दुरुस्ती की पाच लाखांचं कर्ज?

साताऱ्याहून एका निवृत्त वाचकांनी विचारलं आहे. 1998 ची कार्ब्युरेटरवाली मारुती 800, महिन्याला तीनेकशे किलोमीटर वापर. सकाळी आठ-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो, दोन दिवस उभी राहिली तर त्याहून जास्त. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. एकदा सुरू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर उठते. मेकॅनिकने नवा कार्ब्युरेटर आणि बॅटरी मिळून 14,000 सांगितले. मुलाचं म्हणणं, ही मोडीत काढा आणि पाच लाखांचं कर्ज काढून नवी घ्या. पेन्शन 38,000 आहे.

काका, तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून 14,000 मधले बरेचसे पैसे वाचतील असं दिसतं. सेल्फ जोरात फिरतो आहे, मग बॅटरी कशाला बदलायची? मल्टिमीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत 12.4 व्होल्टच्या वर आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात नसेल, तर बॅटरीला हात लावू नका. गरम असताना इंजिन लगेच उठतं, म्हणजे स्पार्क आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बहुधा ठीक आहेत. उरतात दोन गोष्टी: चोक (थंड इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त देणारी पट्टी), आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचणं.

सकाळी सेल्फ मारण्याआधी एअर फिल्टरचं झाकण काढा आणि टॉर्चने कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. चोकची खुंटी पूर्ण ओढली की वरची पट्टी पूर्ण मिटली पाहिजे. फट राहत असेल तर केबल सैल झाली आहे. एक स्क्रू ढिला करून ती ताणून घ्यायची, फार तर नवी केबल. आता चोक आत ढकला, पट्टी उघडेल. हाताने ॲक्सिलरेटरचा लिव्हर एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. धार नसेल तर बहुधा फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, कोरडं पडलं आहे. दोन दिवसांनी त्रास वाढतो म्हणताय, त्यावरून माझा संशय इथेच आहे.

चेंबरमधलं पेट्रोल उभ्या गाडीत हळूहळू उडून जातं, ते प्रत्येक जुन्या गाडीत होतं. पण टाकीतून पेट्रोल ओढणारा गाडीतला पंप चांगला असेल तर थोड्याच सेल्फमध्ये ते पुन्हा भरतो. तुमचा भरत नाही, कारण टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीत कुठेतरी हवा शिरत असावी किंवा पंपाचा व्हॉल्व्ह झिजला असावा. ही नळी पेट्रोल ओढून घेण्याच्या बाजूची आहे, त्यामुळे ती फुटली तरी पेट्रोल ठिबकेलच असं नाही. क्लिपपाशी नळी बोटांनी वाकवा, बारीक भेगा उघडतील. आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते 1998 च्या रबराला मानवत नाही. नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या आणि क्लिपा नव्या टाका. पंप लागला तरी एकूण बिल मेकॅनिकच्या आकड्याच्या जवळपासही जाऊ नये.

धार नीट उडते आणि चोकही मिटतो, तरी गाडी उठत नाही? मग प्लग काढून बघा. ओले-काळे असतील तर पेट्रोल जास्त येतंय, फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई) तपासा. ओले आहेत पण स्पार्क पिवळट, कमजोर, तर स्पार्क पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (गॅप 0.4 ते 0.5 मिमी) आणि कंडेन्सर तपासा. कार्ब्युरेटर उघडावाच लागला तर दुरुस्तीचं किट (नवे वॉशर, गॅस्केट) टाकून साफ करून घ्या, नवा नको. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोटीत) तार घालू देऊ नका. पितळेचं भोक मोठं झालं की पेट्रोल कायमचं जास्त जातं. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर खरोखरच बॅटरी आणि स्टार्टर बदलायची वेळ येईल.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येऊ. पाच लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण 10,500, व्याज 1.30 लाख. पेन्शनच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त त्यातच जाईल. नवी गाडी लिटरला 14 ऐवजी 18 किलोमीटर देते असं धरलं, पेट्रोल 105 रुपये धरलं, तर तुमच्या वापरात वर्षाला 6,000 वाचतात. म्हणजे महिन्याला 500 वाचवायला 10,500 भरायचे. शिवाय नव्या गाडीचा विमा जास्त. जुनीला फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) पुरतो, 1000 सीसीपर्यंत 2022 च्या दराने 2,094 रुपये अधिक जीएसटी.

तरी जुनीवर किती खर्च करायचा याला मर्यादा हवी. तीन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये 15 टक्क्यांहून जास्त फरक निघाला आणि इंजिन उघडायचे 25,000 सांगितले, तर करू नका. फरशी गंजून भोकं पडली असतील तरी नको. तुमची नोंदणी 2028 मध्ये पुन्हा करावी लागेल. 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून नूतनीकरणाची फी 10,000 आहे, हरित कर आणि फिटनेसची तयारी वेगळी. म्हणून आजपासून दरमहा 5,000 ची आरडी (बँकेतली आवर्ती ठेव) सुरू करा. 36 महिन्यांत मुद्दलच 1.80 लाख होईल. तेव्हा ही मोडीत काढायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथलं प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करात सवलत मिळवून देतं.

एका गोष्टीत मात्र मुलाचं बरोबर आहे. नातवंडांना घेऊन पुणे-सातारा हायवेवर तुमचं नेहमी जाणं-येणं असेल, तर हा हिशोब बाजूला ठेवा. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. तेव्हा नळ्या बदलून गाडी चालती करून विका आणि 2022 किंवा त्यानंतर बनलेली वापरलेली गाडी बघा. तीत पुढे दोन एअरबॅग असतातच. कर्ज दोन लाखांच्या पुढे जाऊ देऊ नका.