'नोंद नाही' म्हणजे नेमकी कुठे नाही?

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले जावयांचे पणजोबा नेपल्सच्या बाजूचे, पणजी आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातली, नातवाच्या मुंजीपर्यंत दोन्हीकडचा वंशवृक्ष करायचा तुमचा बेत, आणि इटलीतल्या गावाहून आलेलं एका ओळीचं पत्र : अशी नोंद आढळत नाही. वर कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की आयर्लंडचं सगळं १९२२ साली जळालं, तिकडे वेळ घालवू नका. माझे सासरे इटालियन वंशाचे, सासूबाई आयरिश. ही दोन्ही वाक्यं आमच्या घरी येऊन गेली आहेत आणि दोन्ही खोटी निघाली.

नातेवाइकांना विचारणं, अमेरिकेची जनगणना, थडग्यांचे फोटो हे तुमचं झालेलं दिसतंय, ते सोडून देते.

आधी ते पत्र. आम्ही कंपानियातल्या, म्हणजे नेपल्सच्याच प्रदेशातल्या, एका डोंगरी गावच्या नगरपालिकेकडे आजेसासऱ्यांची जन्मनोंद मागितली होती. अमेरिकन कागदांवर जन्मसाल १८८९, तेच कळवलं. कितीतरी महिने काही नाही. मग बऱ्याच आठवणी केल्यावर शिक्का मारलेलं पत्र आलं, 'आमच्या रजिस्टरांमध्ये' असं मोघम अनेकवचन वापरून. प्रत्यक्षात तिथल्या कारकुनाने १८८९च्या वहीची फक्त मागची सूची पाहिली होती. पोर १८८७च्या वहीत होतं! शेजारची वही उघडायची नसेल तर उघडू नका, पण निदान 'एवढंच वर्ष पाहिलं' असं लिहा की. तेव्हा वयाचा हिशेब कुणी काटेकोर ठेवत नसे, हे त्या कार्यालयाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार.

नुकसान नुसत्या उशिराचं नाही झालं. सासऱ्यांच्या एका चुलतभावाने ते पत्र प्रमाण धरलं, शेजारच्या गावात त्याच नावाचा माणूस शोधला आणि ऑनलाइन वंशवृक्षात बसवून टाकला. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची तिकडेही रीत, त्यामुळे एकाच नावाचे चार चुलतभाऊ सहज सापडतात. आता तो परका गृहस्थ कितीतरी जणांच्या झाडांवर आहे, कारण लोक एकमेकांचं उचलतात. दुरुस्तीचे निरोप पाठवून थकले. तयार वंशवृक्षातलं काहीही मूळ कागदाचा फोटो पाहिल्याशिवाय घेऊ नका, मग सांगणारा सख्खा असो की चुलत.

आता उपाय. इटलीत नागरी नोंदवहीच्या, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यूच्या सरकारी वहीच्या, दोन प्रती होत. एक नगरपालिकेत राही, दुसरी न्यायालयाकडे जाई आणि तिथून पुढे त्या प्रांताच्या सरकारी अभिलेखागारात. या दुसऱ्या प्रतीचे फोटो 'अंतेनाती' या सरकारी पोर्टलवर फुकट बघता येतात. सगळी गावं नाहीत, सगळी वर्षंही नाहीत, पण नेपल्सच्या बाजूला नशीब बरं असतं : तिथे नेपोलियनच्या अमदानीत, १८०९ पासून नोंदी सुरू झाल्या, तर एकीकृत इटलीची नागरी नोंदणी १८६६ची. सांगितलेल्या सालाच्या पाच वर्षं पुढे-मागे प्रत्येक वही स्वतः उलटा. आमचे आजेसासरे असेच सापडले. बाईचा शोध माहेरच्या आडनावाने घ्या. तिकडे कागदोपत्री लग्नानंतरही तेच राहतं, बहुधा जहाजाच्या यादीतसुद्धा.

आणि लग्नाच्या जोडपत्रांची फाइल जरूर शोधा. १८६५ पर्यंतच्या लग्नांत वधूवरांचे जन्मदाखले, मेलेल्या आईबापांचे मृत्युदाखले, बाप नसेल तर आजोबांचाही मृत्युदाखला जोडलेला सापडतो. एका लग्नावरून अठराव्या शतकात पोचता येतं. नोंदीत बापाच्या नावाआधी 'दि' असेल तर तो हयात, 'फू' असेल तर वारलेला. सारख्या नावाचे दोघे वेगळे काढायला मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आयर्लंडची आग. ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार उद्ध्वस्त झालं, हे खरं. १८२१ ते १८५१च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, मृत्युपत्रं गेली, प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ची जनगणना सरकारनेच आधी नष्ट केली होती, १८८१ आणि १८९१ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली. त्यांचं खापर आगीवर फोडायचं कारण नाही. १८६४ पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी त्या इमारतीत नव्हत्याच, आणि कॅथलिक चर्चच्या वह्या त्या त्या पाद्र्याकडे होत्या. मेयोचं घराणं म्हणजे बहुतेक कॅथलिकच. त्या वह्यांचे साधारण १८८० पर्यंतचे फोटो आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये फुकट खुले केले, नागरी नोंदीही सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. १९०१ आणि १९११ची जनगणना तर घरटी शाबूत आहे. तेव्हा पैसे मागणाऱ्या साइटकडे लगेच धावू नका.

अडचण वेगळीच येते. नुसतं 'मेयो' पुरत नाही, टाउनलँड लागतं, म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखं सगळ्यात लहान ठिकाण. ते बहुधा अमेरिकेतच सापडतं : चर्चमधली लग्ननोंद, वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता, १९०७ नंतर आली असेल तर जहाजाच्या यादीतला मागे राहिलेल्या नातेवाइकाचा पत्ता. नागरिकत्वाचा अर्ज सप्टेंबर १९०६ नंतरचा असेल तर जन्मगाव मिळेल, आधीचा असेल तर बऱ्याचदा नुसतं देशाचं नाव. आणि पणजी डेलिया असेल तर ब्रिजिट म्हणूनही शोधा, आमची तशीच निघाली. वयांवर विसंबू नका. १९०९ पासून सत्तरीला पेन्शन मिळू लागली आणि १९११च्या जनगणनेत बरेच आजी-आजोबा दहा वर्षांत दहापेक्षा जास्त म्हातारे झाले! नोंदणीला उशीर झाला की दंड, म्हणून जन्मतारीखही पुढे ढकलत. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर बाप्तिस्म्याची तारीख धरा.

हे सगळं घरगुती अनुभवावरून, मी काही व्यावसायिक नाही. जावयांच्या मनात पासपोर्ट असेल तर सरळ वकील गाठा. इटलीने मार्च २०२५ मध्ये नियम आवळलेत, परदेशात जन्मलेल्यांना आता साधारण आईवडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच आधार मिळतो, नुसत्या पणजोबांवर भागत नाही. आयर्लंडमध्येही सहसा आजी-आजोबा तिथे जन्मलेले लागतात.

नगरपालिकेला परत लिहायचं तर इटालियनमध्ये, पाच-सहा ओळींत लिहा आणि कुठल्या वह्या, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिल्या ते उत्तरात नमूद करायला सांगा. दाखला मागताना आईवडिलांची नावं असलेला उतारा मागा, नाहीतर नुसतं नाव आणि तारीख येते. मेयोच्या पॅरिशचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीचा, पत्ता लागला की इथेच कळवा. त्या लॅटिन वह्यांमधलं अक्षर भयंकर असतं, पण आता मला बऱ्यापैकी लागतं.