उतरल्या उतरल्या डॅशबोर्ड खोलू नको भावा

तुझा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो: सोलापूरची गड्डा यात्रा झाली की जानेवारीअखेर तू, वहिनी आणि दोन वर्षांचं पोरगं कॅनडात विनिपेगला येताय, इथल्या ओळखीतला एकजण २०१० ची गाडी स्वस्तात देतोय कारण तिचा हीटर कोअर (आतली हवा गरम करणारा भाग) लीक आहे, गॅरेजवाला १४०० डॉलर सांगतोय आणि पार्ट ऑनलाइन ८० डॉलरला दिसतोय. तू पॉलिटेक्निकला मेकॅनिकल केलेला, चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला सहा वर्षं काढलेली, मग स्वतःच बदलू का असं विचारतोयस.

मी पण सोलापूरचाच, होटगी रोडचा, इथं अकरा वर्षं झाली, आणि पहिल्याच हिवाळ्यात हाच शहाणपणा मी केलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. सोलापुरात हीटर नावाचं बटण गाडीत असतं एवढंच आपल्याला माहीत. माझ्या मामाच्या गाडीचा कोअर लीक झाला होता, पायाखालचं कार्पेट ओलं व्हायचं, तर आसरा चौकाकडच्या मेस्त्रीनं बॉनेट उघडून कोअरला जाणारे दोन्ही होज पाइप काढले आणि एकमेकाला जोडून टाकले. पंधरा मिनिटं, दोनशे रुपये आणि वर एक चहा. गाडी आजही तशीच पळतीय, मामाला फरक पडला नाही कारण त्याला मे महिन्यात ४३ डिग्रीला हीटर काय करायचाय. इथं तो जुगाड चालत नाही. मायनस ३० ला हीटर म्हणजे फक्त ऊब नाही, समोरच्या काचेवर गरम हवा तोच मारतो, ती बंद झाली की तुमच्या तिघांच्या श्वासानंच काचेवर आतून बर्फ धरतो आणि तू सिग्नलला एका हातानं काच खरवडत बसतोस.

आता पैशाचं. आपल्याकडं पार्ट महाग आणि मजुरी स्वस्त, इथं उलटं. कोअर म्हणजे काय तर वहीएवढा छोटा रेडिएटर, इंजिन गार ठेवणारं कूलंट गरम होऊन त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. पण बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या पार पोटात बसवलाय, त्यामुळं ८० डॉलरच्या वस्तूपर्यंत पोचायलाच सात-आठ तास जातात, आणि गॅरेजवाला पुस्तकात त्या कामाचे जेवढे तास लिहिलेत तेवढे लावतो, प्रत्यक्षात लवकर झालं तरी. वर मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, ५ टक्के जीएसटी आणि ७ टक्के प्रांताचा टॅक्स, म्हणून कोटेशन घेताना टॅक्स धरून किती ते विचार. १४०० हा आकडा मला लुटीचा वाटत नाही. आल्या आल्या सगळेच साठनं गुणतात, मग ८४ हजार दिसतात आणि छातीत धस्स होतं, मलाही झालं होतं.

पण कोअर गेलाय हे म्हणतोय कोण, विकणाराच ना? मग आधी फुकटात बघता येतं ते बघ. थंड इंजिनवर कूलंटची लेव्हल बघ, कमी असेल तर कोअर चांगला असूनही गार हवा येते. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालव, टेंपरेचरचा काटा वर येतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंट अडवणारी-सोडणारी झडप) उघडा अडकलाय, ते काम स्वस्त आहे, तू डोळे झाकून करशील. काटा वर आला तर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन होज हातानं चाचप, जपून, भाजतात. दोन्ही गरम आणि आत गार हवा असेल तर कोअरचा दोष नाही, गरम-गार हवा मिसळणारा आतला दरवाजा अडकलाय, त्याच्या मोटरचा डॅशबोर्डमधून टकटक आवाज पण येतो कधीकधी. एक गरम एक गार असेल तर कोअर चोंदलाय, तो काढायची गरज नाही, दोन्ही होज सोडून बागेच्या पाइपनं कमी प्रेशरनं उलट्या बाजूनं पाणी सोडायचं, गाळ निघतो. हे काम मात्र तू स्वतःच कर, याला गॅरेजला पैसे देणं मला पटत नाही. फक्त थंडीत करू नको आणि नंतर अँटीफ्रीझ (गोठू न देणारं कूलंट) निम्मं पाणी निम्मं असं भर, ते साधारण मायनस ३७ पर्यंत गोठत नाही. आपल्यासारखं नळाचं पाणी ओतून मोकळा झालास तर रात्रीत गोठून कोअरच काय, इंजिनचा ब्लॉक पण फुटेल. भरल्यावर आतली हवा नीट काढ, नाहीतर नवा कोअर टाकूनही गार हवा येईल आणि तू डोकं धरून बसशील.

खरंच लीक असेल तर गाडीत बसल्या बसल्या गोडसर वास येतो, काचेवर तेलकट थर बसतो, पुसला की अजून पसरतो, शेजारच्या सीटखालचं कार्पेट चिकट ओलं लागतं. हे कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, तुझं पोरगं रांगतं-चाटतं वयाचं आहे, तर अशा गाडीत त्याला बसवूच नको. लीक बंद करायची पावडर पण टाकू नको, चांगल्या वाटा पण बुजवते. आणि कूलंट जातंय, कार्पेट मात्र कोरडं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, असं असेल तर हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनच्या आतल्या सीलचं, लफडं असू शकतं, ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नको.

माझं काय झालं ते सांगतो. ऑक्टोबरचा शेवट, अपार्टमेंटचं उघडं पार्किंग, दोन दिवसांची सुट्टी. बॅटरी काढली, एअरबॅगचे पिवळे कनेक्टर थोडं थांबून सोडले, व्हिडिओ बघून डॅशबोर्ड निम्मा सैल केला आणि बर्फ सुरू झाला. थंडीत प्लास्टिक काचेसारखं होतं हे मला माहीतच नव्हतं, हात लावीन ती क्लिप कट्कन तुटायची. ग्लोव्हज घालून छोटे स्क्रू धरता येत नाहीत आणि ग्लोव्हज काढून बोटं धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या मॅनेजरनं दाराखालून चिठ्ठी सरकवली, पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई, करारात लिहिलंय. करार कोण वाचतं? मित्राच्या गॅरेजपर्यंत गाडी टोचन करून नेली, कामाला एकूण पाच दिवस, त्यातले तीन बिनपगारी. बसवल्यावर हवा फक्त पायावर, काचेवर नाहीच, एक लिंक उलटी अडकवलेली, परत खोला. सात स्क्रू उरले ते अजून डब्यात आहेत. हिशोब केला तर गॅरेजपेक्षा दोनशे डॉलर वाचले असतील.

म्हणजे हात चालत नव्हते असं नाही रे, जागा नव्हती आणि दिवस चुकीचा होता. तुझंही तेच होणार, नवीन नोकरी, भाड्याचं घर, जानेवारी, आणि गाडी उभी राहिली तर पोराला डॉक्टरकडं न्यायची सोय नाही.

अजून एक गोष्ट. काही गाड्यांत कोअर पायाकडच्या बाजूनं नुसता सरकून बाहेर येतो, डॅशबोर्डला हात लावावा लागत नाही. मॉडेल बघून व्हिडिओ शोध, तसं असेल तर मे-जूनमध्ये मित्राच्या ड्राइव्हवेवर निवांत स्वतः कर, मी पण येतो पाने धरायला. पण कोअर ज्यात बसतो तो अख्खा डबाच बाहेर काढावा लागत असेल तर त्याच डब्यात एसीचा भाग बसलेला असतो, गॅसच्या लाइन सोडाव्या लागतात, आणि तो गॅस हवेत सोडणं इथं बेकायदेशीर आहे, सर्टिफिकेटवाल्या माणसानं मशीननं काढायचा असतो. मग काढायला एकदा आणि भरायला एकदा गॅरेजला जायचंच आहे तर काम पण त्यालाच दे की.

त्यामुळं मी तुझ्या जागी असतो तर दोन गॅरेजचं लेखी कोटेशन मागवलं असतं, मोठा आकडा विकणाऱ्यासमोर ठेवून तेवढे पैसे किमतीतून काढ म्हटलं असतं, आणि काम झाल्यावरच गाडी ताब्यात घेतली असती. पार्ट स्वतः नेऊन देऊ नको, बरेच गॅरेजवाले बसवत नाहीत, बसवला तरी वॉरंटी देत नाहीत. विकणारा नाही म्हणाला तर सोड, पहिले दोन महिने बसनं काढ, आम्ही काढलेच की.

आणि गोटी पान्यांचा सेट बॅगेत भरू नको. इथं पान्यांचा सेल लागतो, चादरींचा लागत नाही. ते वजन पुलगमच्या दोन चादरी आणि शेंगा चटणीला दे.