रिहीटर ट्यूबला आतून ॲल्युमिनाइडचा लेप द्यावा का?

आपल्या ६६० मेगावॅटच्या संचात टी-९१ (९ टक्के क्रोमियमचे फेरिटिक पोलाद) आणि सुपर ३०४एच (ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलाद) यांच्या रिहीटर, म्हणजे टर्बाइनमधून परतलेली वाफ पुन्हा तापवणाऱ्या, ट्यूबच्या खालच्या बेंडमध्ये ऑक्साइडचे पपुद्रे साचून ट्यूब फुटल्या, म्हणून येत्या ओव्हरहॉलमध्ये आतून ॲल्युमिनाइडचा (ॲल्युमिनियम-लोह संयुगाचा) लेप द्यावा का, असे आपण विचारले आहे. बॉयलरमध्ये बसलेल्या ट्यूबसाठी हा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बदलून नव्या बसवायच्या ट्यूबसाठी तो जरूर करावा, पण टी-९१पुरताच.

९ टक्के क्रोमियमचे पोलाद ६०० अंश सेल्सिअसच्या कोरड्या हवेत क्रोमियमयुक्त पातळ थर धरून दीर्घकाळ टिकते. त्याच तापमानाच्या वाफेत तो थर टिकत नाही आणि आत लोह-क्रोमियमचे स्पिनेल (मिश्र ऑक्साइड), वर मॅग्नेटाइट (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) असा जाड दुहेरी थर वाढत जातो. क्रोमियम १२ टक्क्यांवर नेऊन पाहिले गेले, परंतु त्या पोलादात कालांतराने झेड-फेज नावाचे नायट्राइड वाढते, ताकद देणारे सूक्ष्म कण त्यात खर्ची पडतात आणि क्रीप-सामर्थ्य (उष्णतेत भाराखाली हळूहळू ताणले न जाण्याची क्षमता) ढासळते. म्हणून ताकद ९ टक्क्यांच्या पोलादाची आणि संरक्षण लेपाचे, हा विचार मला योग्य वाटतो.

लेपाची खरी परीक्षा त्याच्या तापवण्यात आहे. ॲल्युमिनियमच्या भुकटीची स्लरी (पातळ लगदा) लावून, सुकवून सुमारे ७०० अंशांवर तापवली की ६६० अंशांना वितळणारे ॲल्युमिनियम लोहाशी संयोग पावून कठीण पण ठिसूळ थर तयार होतो. हे तापमान टी-९१च्या टेम्परिंगपेक्षा (कणखरपणासाठी केलेल्या शेवटच्या तापवण्यापेक्षा) कमी असल्यामुळे मूळ पोलादाला धक्का लागत नाही. पॅक पद्धतीत (ट्यूब ॲल्युमिनियमयुक्त भुकटीत ठेवून तापवण्यात) ९०० अंशांच्या वर जावे लागले, तर नॉर्मलायझिंग (उच्च तापमानाला तापवून हवेत थंड करणे) आणि टेम्परिंग पुन्हा करावे लागते, आणि पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारावा. पुढे चालू संचात ॲल्युमिनियम हळूहळू आत झिरपते. सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहिल्यास लेपाखाली ॲल्युमिनियम नायट्राइडच्या सुया दिसतात, आणि पृष्ठभागावरचे ॲल्युमिनियम कमी होत जाते. लेपाचे आयुष्य जाडीवरून ठरवू नये, ते या उरलेल्या ॲल्युमिनियमवरून ठरवावे.

बसलेल्या ट्यूबच्या आत स्लरी सारखी पसरवणे, सुकवणे आणि संपूर्ण कॉइल ७०० अंशांवर एकसारखे तापवणे जागेवर शक्य नाही. नव्या ट्यूबचीही टोके वेल्डिंगसाठी कोरी ठेवावी लागतात, कारण ॲल्युमिनियम वेल्डमध्ये मिसळले की जोड बिघडतो. त्या अरुंद पट्ट्यांवर थोडे ऑक्सिडीभवन होईल, ते मला स्वीकारार्ह वाटते.

सुपर ३०४एचची गोष्ट निराळी आहे. ते फेरिटिक पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे शटडाऊनमध्ये ट्यूब थंड होताना आक्रसते आणि तिच्याबरोबर तितका न आक्रसणारा ऑक्साइडचा थर सुटून पडतो. तिथे आतून शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) केलेली ट्यूबच मागवावी. पीनिंगने विरूपित झालेल्या थरातून क्रोमियम लवकर पृष्ठभागी येते. मात्र बेंड वळवल्यावर सोल्यूशन अनीलिंग (विरूपण घालवणारे उच्च तापमानाचे तापवणे) केले असेल तर तो लाभ नाहीसा होतो, म्हणून उष्णोपचार कोणत्या क्रमाने झाले याची नोंद हाती घेतल्याशिवाय माल स्वीकारू नये.

तोपर्यंत प्रत्येक शटडाऊननंतर खालचे बेंड तपासावेत. सुपर ३०४एच जवळजवळ अचुंबकीय असल्याने आत साचलेले मॅग्नेटाइट चुंबकीय उपकरणाने बाहेरून कळते. टी-९१ स्वतःच चुंबकीय असल्यामुळे तिथे रेडिओग्राफीच (क्ष-किरणांसारख्या किरणांनी छायाचित्रण) करावी. अडलेला बेंड कापून साफ केल्याशिवाय लाइट-अप (बॉयलर पुन्हा पेटवणे) करू नये.