वार वर सरकली, पण रक्तवाहिन्यांचे काय?

तुम्ही लिहिले आहे की विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भाशयमुखाजवळ असल्याचे आणि तिला एक लहान, वेगळा खंड असल्याचे आढळले होते. आता अठ्ठाविसाव्या आठवड्यात वार गर्भाशयमुखापासून ३६ मिलिमीटर दूर गेली आहे, रिपोर्टच्या तळाशी 'सर्व व्यवस्थित' असा शेरा आहे, आणि तेहतिसाव्या आठवड्यात लांबचा प्रवास केला तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता गर्भधारणा आयव्हीएफने (टेस्ट ट्यूब पद्धतीने) झाल्याचाही उल्लेख तुम्ही केला आहे. चार वर्षांपूर्वी जवळजवळ हाच मजकूर असलेला कागद मी फाइलमध्ये लावून निश्चिंत झाले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही आणि तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. तुम्हाला वासा प्रीव्हिया, म्हणजे बाळाच्या रक्तवाहिन्या गर्भाशयमुखावरून उघड्या जाण्याची अवस्था, आहे असे मी म्हणत नाही. तो नाही हे अजून कोणी पाहिलेले दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

वार खाली असणे म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहेच. वासा प्रीव्हियात प्रश्न वारेचा नसतो, बाळाच्या रक्तवाहिन्यांचा असतो. नाळेत असताना या वाहिन्यांना व्हार्टन्स जेली नावाच्या चिकट, लवचीक थराचे संरक्षण असते. पण नाळ वारेत शिरण्याऐवजी पाणमोटीच्या पडद्यात शिरली, किंवा वारेचे दोन खंड असून त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या पडद्यातून गेल्या, तर तेवढ्या अंतरात त्या उघड्या पडतात. अशा उघड्या वाहिन्या गर्भाशयमुखावरून किंवा त्याला लागून गेल्या की त्याला वासा प्रीव्हिया म्हणतात. पाणमोट फुटताना पडद्याबरोबर वाहिनी फाटली तर जाणारे रक्त आईचे नसून बाळाचे असते. पूर्ण दिवसांच्या तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते, त्यामुळे आईच्या दृष्टीने किरकोळ ठरणारा रक्तस्राव बाळाच्या जिवावर बेततो, आणि तोही काही मिनिटांत.

मला कोणीच न सांगितलेली गोष्ट आता सांगते. वार 'वर सरकते' असे आपण म्हणतो, पण ती चालत जात नाही. गर्भाशयाचा खालचा भाग वाढत्या दिवसांबरोबर लांबतो, त्यामुळे अंतर वाढते, आणि वारेचा खालचा, कमी रक्त मिळणारा काठ झिजत जातो. झिजलेल्या काठातल्या वाहिन्या मात्र पडद्यात तशाच मागे उरू शकतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास खाली असलेली वार, ती नंतर वर गेली तरीही, वासा प्रीव्हियाच्या जोखमीच्या कारणांत धरली जाते ती यामुळेच. वारेचा वेगळा खंड, पडद्यात शिरणारी नाळ, जुळी आणि आयव्हीएफ ही त्याच यादीतली इतर कारणे आहेत. तुमच्या बाबतीत यांपैकी तीन एकत्र आलेली आहेत.

माझी चूक साधी होती. एकविसाव्या आठवड्याचा रिपोर्ट दोन पानांचा होता. पहिल्या पानावर बाळाची मापे आणि वार खाली असल्याची नोंद होती. दुसऱ्या पानावर, प्रतिमांच्या खाली बारीक अक्षरांत, नाळेची जोडणी पडद्यात असून दुय्यम खंड दिसत असल्याचे एक वाक्य होते. ते वाक्य मी वाचले नाही. माझ्या डॉक्टरांनीही पहिलेच पान पाहिले असावे, कारण अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या तपासणीसाठी त्यांनी चिठ्ठीवर फक्त 'वारेची जागा पाहणे' असे लिहिले. ती चिठ्ठी घेऊन मी घराजवळच्या दुसऱ्या सोनोग्राफी केंद्रात गेले आणि नवा रिपोर्ट येणारच आहे म्हणून जुना कपाटात ठेवून गेले.

त्या केंद्राबद्दल माझा राग अजून शमलेला नाही, आणि म्हणूनच त्याचे नाव लिहीत नाही. कुठेतरी वाचलेले आठवून मी खिडकीवर विचारले की योनीमार्गे आणि रंगीत डॉपलरने (वाहते रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) पाहता येईल का, तर चिठ्ठीत लिहिले आहे तेवढेच केले जाते, असे उत्तर आले. आत तपासणाऱ्यांना तेच विचारले, तर वार खाली असताना आतून तपासणी करणे धोक्याचे असते, असे मला ऐकवण्यात आले. हे चूक आहे. धोका बोटांनी केलेल्या तपासणीचा असतो. योनीमार्गे सोनोग्राफीत प्रोब गर्भाशयमुखात शिरत नाही, त्याच्या अलीकडेच थांबतो, आणि खाली असलेल्या वारेचे अंतर मोजण्याची तीच अधिक अचूक आणि सुरक्षित पद्धत मानली जाते. पोटावरून पाच मिनिटे पाहून मला एक पानाचा छापील रिपोर्ट मिळाला: वार ३४ मिलिमीटर दूर, सर्व व्यवस्थित. नाळ कुठे जोडलेली आहे याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते, कारण ते कोणी विचारलेच नव्हते. जे पाहिलेच नाही त्यालाही 'सर्व'मध्ये ढकलणारा हा शेरा रिपोर्टांवरून कायमचा काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे तीन आठवडे मी निर्धास्त काढले. एकतिसाव्या आठवड्यात थोडा डाग दिसला, माझे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून मी मोठ्या रुग्णालयात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जुन्या रिपोर्टचा. नवऱ्याने घरी जाऊन त्याच्या दोन्ही पानांचे फोटो पाठवले, आणि दुसरे पान वाचून झाल्यावर डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी केली. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर गर्भाशयमुखाच्या अगदी वरून एक बारीक रेषा जात होती. डॉपलर सुरू करताच ती लाल झाली. डॉक्टरांनी त्या रेषेवर खूण ठेवून ठोके मोजले, ते मिनिटाला १४६ भरले. मग माझे मनगट धरून नाडी मोजली, ती ८८ होती. "हे रक्त तुमचे नाही," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी मला कुशीवर वळवून पुन्हा पाहिले, कारण नाळेचा सुटा वेढा खाली आलेला असेल तर तो हालचालीने सरकतो. ही रेषा जागची हलली नाही.

त्यानंतर मी घरी गेले नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने झाली, दर आठवड्याला गर्भाशयमुखाची लांबी मोजली गेली, आणि कळा सुरू होण्याची वाट न पाहता पस्तिसाव्या आठवड्यात नियोजित सिझेरियन झाले. मुलगी नऊ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती आणि आता ठीक आहे. शस्त्रक्रियेनंतर मी मागितले म्हणून त्यांनी मला ट्रेमधली वार दाखवली. एक मोठा खंड, तळहाताएवढा दुसरा, आणि मधल्या अर्धपारदर्शक पडद्यातून दोन निळसर शिरा, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर दिसतात तशा, पूर्ण उघड्या गेलेल्या. त्या पडद्यामागे धरलेले नर्सचे बोट मला दिसत होते.

आकड्यांविषयी थोडे, कारण तुम्ही ते शोधणारच. सर्वसाधारणपणे सुमारे अडीच हजार प्रसूतींमागे एक असे याचे प्रमाण सांगितले जाते. आयव्हीएफमध्ये ते कितीतरी पट जास्त आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १५५ गरोदरपणांच्या अभ्यासात, निदान आधी झालेल्या गटात ९७ टक्के बाळे वाचली, आणि न झालेल्या गटात ४४ टक्के. यातला दुसरा आकडा रात्री वाचत बसू नका. तो तुमच्यासाठी नाही, कारण तुमच्याकडे अजून वेळ आहे.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक गरोदर स्त्रीची यासाठी सरसकट तपासणी करावी असे म्हटलेले नाही. त्यामागची कारणे मला समजतात, विनाकारण लवकर सिझेरियन होण्याची भीती खोटी नाही. पण ज्यांची वार खाली होती आणि मग वर गेली, त्यांना निदान एकदा, बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, योनीमार्गे रंगीत डॉपलरने पाहिल्याशिवाय मोकळे सोडू नये, असे मला ठामपणे वाटते. त्याच सूचनांनुसार निदान पक्के झाल्यास ३० ते ३२ आठवड्यांपासून रुग्णालयात राहण्याचा निर्णय व्यक्तीनुसार घ्यायचा असतो, आणि कसलाही त्रास नसेल तर सिझेरियन ३४ ते ३६ आठवड्यांत केले जाते. काही जणींच्या बाबतीत दिवस भरत जातात तशा वाहिन्या गर्भाशयमुखापासून दूर गेलेल्या आढळतात, म्हणून आधी निदान झालेले असले तरी बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा पाहतात. अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला मात्र सगळे नातेवाईक देतील. मला तो कोणत्याही डॉक्टरांनी दिला नाही, उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉर्डात चालायला लावले.

विषय थोडा बाजूला जातो, पण रक्तस्राव झाल्यावर आपत्कालीन विभागात 'वार खाली होती' एवढेच सांगू नका. खाली असलेल्या वारेतून होणारा, सहसा न दुखणारा रक्तस्राव मुख्यतः आईचा असतो. वार वेळेआधी सुटली तर बहुधा पोट दुखते आणि कडक होते. आणि आधी सिझेरियन झालेले असून वार त्या व्रणावर असेल तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याची शंका वेगळी तपासावी लागते. बाळाच्या वाहिन्यांचा संशय असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे लागते, कारण मग आईच्या तपासण्यांत वेळ न दवडता थेट शस्त्रक्रियेची आणि बाळाला रक्त देण्याची तयारी होते. मी हे वाक्य रक्तगटासह कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवले होते.

आता तुमचे. विसाव्या आठवड्याचा रिपोर्ट काढा आणि त्यात नाळेच्या जोडणीबद्दल काय लिहिले आहे ते पहा. काहीच लिहिलेले नसेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. दुय्यम खंड एकदा दिसला असेल तर तो आणि मुख्य वार यांच्यामधल्या वाहिन्या कुठून जातात, याचे उत्तर मिळालेच पाहिजे. चिठ्ठीवर 'वारेची जागा' एवढ्यावर भागवू नका, तर 'नाळेची जोडणी आणि गर्भाशयमुखावरील रक्तवाहिन्या, योनीमार्गे रंगीत डॉपलरसह' असे लिहून घ्या, जुने रिपोर्ट दोन्ही पानांसह बरोबर न्या, आणि खिडकीवर नकार मिळाला तर माझ्यासारखे गप्प बसू नका, दुसरीकडे जा. ही तपासणी याच आठवड्यात व्हावी असे मला वाटते, पण तारीख तुमच्या डॉक्टरांनी ठरवावी. प्रवासाचे तिकीट काढले नसेल तर ती होईपर्यंत काढू नका. काढले असेल तर रद्द करण्याची शेवटची तारीख पाहून ठेवा.